तायडे परिणाम

"साहेब, या तारेले हात लावला का झिणझिण्या येतात हो," कासाबाई म्हणाली.

शुक्रवारचा दिवस होता. खैरडोहचा आठवडी बाजार वीज उपकेंद्राच्या जाळीच्या कुंपणाला पाठ टेकूनच भरतो. कासाबाई मिरचीवालीची जागा ठरलेली, ईशान्येच्या कोपऱ्यात. तिचा तराजू गेली वीस वर्षं कुंपणाच्या लोखंडी खांबाला बांधलेल्या आकड्यावर लटकत होता, आणि 'येथे काहीही लटकवू नये' ही पाटीही गेली वीस वर्षं त्याच खांबावर, तराजूच्या मागे होती. भास्कर तायडे या उपकेंद्राचा वरिष्ठ तंत्रज्ञ. वय सत्तावन्न, निवृत्तीला तीन महिने. तो आला होता पाव किलो मिरची घ्यायला.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"झाले ना पंधरा दिस. मी म्हनलं, उमर झाली, बोटं बधिर होऊन राह्यले असतीन. मंग चपला काढून पाह्यलं, तं जास्तच!"

भास्करनं एक बूट काढला, मोजा काढला, तापलेल्या मातीवर पाय ठेवला आणि हाताची उलटी बाजू खांबाला लावली. उलटी अशासाठी, की झटका बसलाच तर मूठ आवळून हात चिकटत नाही. झटका बसला नाही. पण केसाएवढं काहीतरी कोपरापर्यंत सरकत गेलं, आणि त्यानं हात मागे घेतला.

"मावशी, तराजू काढा तथून."

"काढतो ना बावा. बाजार उठला का काढतो."

कचेरीत येऊन त्यानं कंपनीच्या 'धरित्री' या संगणक प्रणालीकडे तक्रार नोंदवली. पुढ्यातला चहा संपायच्या आत उत्तर आलं: 'तक्रार निकाली. खैरडोह अर्थिंग समाधानकारक.' त्यानं दुसरी तक्रार केली. तीही निकाली निघाली. रविवारपर्यंत पाच झाल्या. सगळ्यांत झटपट उत्तर अकरा सेकंदांत आलं होतं. तेहेतीस वर्षांच्या नोकरीत कंपनीनं त्याला इतक्या तत्परतेनं कधी वाटाण्याच्या अक्षता लावल्या नव्हत्या.

उपकेंद्राच्या आवाराखाली, गुडघाभर खोलीवर, लोखंडी पट्ट्यांचं जाळं पुरलेलं असतं. जागोजागी खड्डे करून त्यांत दहा फुटी नळ्या ठोकलेल्या असतात आणि जाळं त्यांना जोडलेलं असतं. वर कुठे वीज कोसळली, तार तुटली, माकडानं नको तिथे उडी मारली, की हजारो अँपिअरचा प्रवाह वाट फुटेल तिकडे धावतो. त्याला गुपचूप जमिनीत जिरवणं हे अर्थिंगचं काम. माती ओली असेल तर ती तो प्रवाह गिळते. कोरडी असेल तर गिळत नाही, आणि मग सगळं आवार, कुंपणासकट, क्षणभर काही हजार व्होल्टवर चढतं. आत उभा असलेला माणूस आवाराबरोबरच वर चढतो, त्यामुळे त्यातल्या त्यात बचावतो. खरा धोका बाहेरच्याला. त्याचे पाय बाहेरच्या जमिनीवर, हात कुंपणावर, आणि मधला सगळा फरक त्याच्या छातीतून जातो.

वऱ्हाडातली काळी माती मे महिन्यात अशी फाटते, की भेगेत कोपरापर्यंत हात जावा. नळीभोवती माती उरतच नाही, नुसती हवा. म्हणून नियम असा, की अर्थिंग मोजायचं ते ऐन उन्हाळ्यात. जमिनीत लांब अंतरावर दोन खिळे ठोकायचे, नळीतून प्रवाह सोडायचा, माती किती अडवते ते मेगरवर वाचायचं आणि आकडा रजिस्टरात लिहायचा. खड्ड्याला आठ ओहमपर्यंत चालतं. भास्करनं अठ्ठावीस वर्षं हे काम केलं. मग २०३८ साली धरित्री आली.

धरित्री ही मोजत नाही, ती जाणते, असं तिच्या उद्घाटनाच्या भाषणात कुणीसं म्हणालं होतं. उपग्रह मातीची ओल पाहतो, पण त्याला दिसतो तो वरचा वीतभर थर. खाली दहा फुटांवर काय चाललं आहे, हे धरित्री जुन्या रजिस्टरांवरून शिकली. कुठल्या महिन्यात, कुठल्या उन्हात, कुठली माती कशी वागली याचे लाखभर आकडे तिनं पचवले आणि त्यांवरून ती आजचा आकडा सांगू लागली. खिळे ठोकणाऱ्या टोळ्या मोडल्या. मेगर भांडारात जमा झाले. पडद्यावर उपकेंद्राच्या नावापुढे हिरवा ठिपका असला की काम संपलं. हिरव्याला प्रश्न विचारायचा नाही, हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण सगळ्यांना पाठ आहे.

भास्करनं आपला जुना, हातानं फिरवायचा मेगर मात्र जमा केला नव्हता. तो आगीच्या बादल्यांमागे पोत्यात गुंडाळून ठेवला होता. सोमवारी भर दुपारी त्यानं तो बाहेर काढला. दुसऱ्या टोकाला वायर धरायला कुणी नव्हतं, त्यामुळे खिळा ठोकायला तोच गेला, वायर ओढत तोच आला, पुन्हा तोच गेला. कोपऱ्यातला सात नंबरचा खड्डा त्यानं जाळ्यापासून सोडवला आणि मेगरची मूठ फिरवली. काटा एकतीसवर गेला.

त्यानं पुन्हा मोजलं. एकतीस.

फोटोसकट आकडा धरित्रीला पाठवला. या वेळी उत्तर जरा लांब होतं. 'मानवी मापनातील त्रुटी. तायडे परिणामानुसार मे महिन्यात या खड्ड्याचे वाचन ४.१ ओहम असणे अपेक्षित आहे. कृपया उपकरण भांडारात जमा करावे.'

तायडे परिणाम हे शब्द भास्करला नवे नव्हते. घरी बैठकीत त्यांची फ्रेम होती. त्याची लेक संघमित्रा नागपूरला धरित्रीच्या माती विभागाची प्रमुख. चार वर्षांपूर्वी तिनं काळ्या मातीबद्दल काहीतरी शोधून काढलं, दिल्लीला तिचा सत्कार झाला, आणि त्या शोधाला तिचं आडनाव मिळालं. 'वऱ्हाडच्या कन्येनं उलगडलं काळ्या मातीचं कोडं' असं पेपरात छापून आलं, तेच कात्रण फ्रेममध्ये. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला भास्कर आधी ते दाखवायचा, मग पाणी द्यायचा. पण कोडं नेमकं काय आणि उलगडलं म्हणजे काय, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. सगळं इंग्रजीत होतं. लेक एकदा म्हणाली होती, "बाबा, हे तुमच्याच रजिस्टरमधून सापडलं." तो मनातल्या मनात फुलला होता. पोरगी बापाचं मन राखते आहे, असंच त्याला वाटलं होतं.

आज त्यानं त्या दोन शब्दांवर बोट टेकवलं. पडद्यावर मराठीत माहिती उघडली.

'सर्वसाधारण माती उन्हाळ्यात वाळते आणि तिचा विद्युतरोध वाढतो. परंतु वऱ्हाडातील काळ्या मातीत तो उन्हाळ्यात घटतो, असे अठ्ठावीस वर्षांच्या अत्यंत काटेकोर नोंदींवरून आढळले आहे. ऑगस्ट: सहा ते सात ओहम. मे: चार ओहम. कारण: बाष्पीभवनामुळे खोलवरचे क्षार वर येऊन नळीभोवती साठतात.'

क्षार खालून वर आले नव्हते. दर मे महिन्यात त्यानं स्वतः ते बादलीनं वरून ओतले होते.

नोकरीच्या पहिल्या उन्हाळ्यात त्यानं खरा आकडा लिहिला होता. सव्वीस. चौथ्या दिवशी त्याच्या हातात 'कारणे दाखवा' नोटीस पडली: देखभालीत हयगय का केली? नवी नळी मागितली तर भांडारातून येईना, आणि आकडा चांगला आला नाही तर मान आपली. तेव्हाचे फोरमन त्याला बाजूला घेऊन म्हणाले होते, "लेका, पाहुने यायच्या आधी अंगन सारवतात का नाई? मंग?" तेव्हापासून तपासणीच्या दिवशी पहाटे खड्ड्यांना 'आंघोळ' घालायची, आधी मूठमूठ मीठ आणि मग बादल्या. अकराला साहेब यायचे, मेगर चार दाखवायचा, साहेब सही करून जायचे. खड्डा ओला का, असं एकाही साहेबानं कधी विचारलं नाही. आणि हे काही एकट्या खैरडोहचं नव्हतं. सगळं मंडल आंघोळी घालत होतं. ऑगस्टमध्ये मात्र वीज पडल्यावर अचानक मोजायची वेळ यायची, तेव्हा कुणाला बादली आठवत नसे. त्यामुळे तेवढे आकडे खरे.

त्या मिठाच्या पाण्यानं आणखी एक काम चोख केलं होतं. खालच्या पट्ट्या खाल्ल्या होत्या.

मंगळवारी तो उपअभियंता पुंडकरांकडे गेला. पुंडकर भला माणूस, पण घाबरट.

"तायडे, तुम्हीच सांगा, मी वर काय लिहू? धरित्री हिरवी आहे, पण माझ्या तंत्रज्ञाला झिणझिण्या येतात?"

"साहेब, शुक्रवारी अकराले तुमी सोलरवाल्याईचं बॅटरीघर जोडून राह्यले. फॉल्ट झाला तं करंट आजच्या अडीचपट येईन. अन् शुक्रवारी अकराले कुंपनाले टेकून शंभर मानूस बसते."

"धरित्रीनं मंजुरी दिली आहे."

"मंग बाजार तरी हलवा."

"बाजार ग्रामपंचायतीचा. त्यांना कारण काय देऊ?"

"साहेब, ते जे जुने रजिस्टर हायेत ना..."

पुंडकरांनी हात वर केला. "रजिस्टरबद्दल मला काही सांगू नका. मीसुद्धा ज्युनियर होतो एके काळी." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "आणि मंजुरीवर सही कोणाची आहे, बघितलं का? लेकीचा विचार करा जरा."

लेकीचा विचार तर त्याला दोन दिवस जेवू देत नव्हता. संध्याकाळी त्यानं फोन लावला.

"बाबा, तुमच्या पाचही तक्रारी आणि कालचा तो आकडा मी स्वतः बघितला," संघमित्रा म्हणाली. तिचा आवाज समजूत घालणाऱ्या डॉक्टरसारखा होता. "मोजताना खिळ्यांभोवती पाणी टाकलं होतं का? कोरड्या मातीत खिळा नीट टेकत नाही, मग वाचन वाढतं."

"खिळ्याले टाकलं होतं. तेवढं चालते. खड्ड्याले टाकत नसतात."

"बरोबर. मग मेगर जुना झाला असेल."

"मितू," तो म्हणाला आणि थांबला. "मितू, तू येऊन जाय इकडं. शुक्रवारच्या आधी."

"बाबा, या आठवड्यात मला श्वास घ्यायला..."

"मी तुले कधी बोलावलं का?"

"गुरुवारी येते," म्हणाली.

त्यानं फोन ठेवला. करुणा, त्याची बायको, दारात उभी होती.

"सांगितलं?"

"काय सांगाचं?"

"दर मे महिन्यात तुमच्या प्यांटले मिठाचे डाग राहत. मी काय आंधळी होतो?" ती म्हणाली आणि आत निघून गेली. भास्करला तिचा राग आला, आणि मग आपलाच आला. अठ्ठावीस वर्षं सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त त्या मशीनला, आणि त्याच्या पोरीला.

बुधवारी सकाळी तो बादली भरून सात नंबरपाशी जाऊन उभा राहिला. हे खोटं नाही सांगत, त्याच्या मनात आलं होतं. आज दोन टँकर पाणी मुरवलं तर उद्या मितूचं मशीन चार दाखवील, ती हसेल, "बघा बाबा" म्हणेल, जेवून नागपूरला जाईल. फ्रेम भिंतीवर राहील. पण मग शनिवारी पाणी कोण घालणार? पुढच्या मे महिन्यात कोण घालणार? आणि कोपऱ्यातली पट्टी जर तुटलेलीच असेल, तर टँकर काय, नदी आणून ओतली तरी कासाबाईच्या खांबाला तिचा काय उपयोग? त्यानं बादली परत नेऊन टाकीत रिकामी केली, आणि दिवसभर जो भेटेल त्याच्यावर खेकसत राहिला.

गुरुवारी साडेदहाला संघमित्रा आली. गाडीतून तिनं नवंकोरं मोजणी यंत्र काढलं, डोक्याला ओढणी गुंडाळली आणि स्वतः हातोडा घेऊन खिळे ठोकले. लहानपणी मेच्या सुटीत ती बापाबरोबर इथं यायची, वायरचं दुसरं टोक धरून उन्हात उभी राहायची. हात अजून विसरले नव्हते.

यंत्रानं एकतीस पूर्णांक चार दाखवलं.

तिनं कपाळाला आठी घातली. खिळ्यांवर पाणी शिंपडलं, जागा बदलली, पुन्हा मोजलं. एकतीस पूर्णांक दोन.

"नळी बदलली का कुणी? काहीतरी वेगळं आहे बाबा. हे शक्य नाही."

भास्कर टाकीकडे गेला. मिठाचा पुडा बगलेत आणि दोन्ही हातांत बादल्या घेऊन परत आला. मीठ त्यानं खड्ड्यात नेहमीच्या सवयीनं गोल फिरवून टाकलं, मग पाणी ओतलं. भेगांमधून माती घटाघटा प्याली. तो पुन्हा गेला, पुन्हा आला. सहा बादल्या झाल्या तेव्हा त्याला धाप लागली होती.

"हे काय करताय?" तिनं दोनदा विचारलं होतं. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही.

"अर्धा तास थांबा लागते," तो म्हणाला. "मुरलं पाह्यजे."

दोघं लिंबाच्या सावलीला जाऊन बसली. करुणानं दिलेला डबा मध्ये होता, ज्वारीची भाकरी आणि मितूच्या आवडीचा झुणका. कुणी तो उघडला नाही. संघमित्रा खड्ड्याकडे एकटक पाहत होती. तिची हुशारी भास्करला चांगली माहीत होती. या अर्ध्या तासात ती सगळं गणित स्वतःच सोडवणार, हे त्याला कळत होतं, आणि तोंडानं सांगायची हिंमत आपल्यात नाही म्हणून आपण ते मातीकडून वदवून घेतो आहोत, हेही कळत होतं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"आता मोज," तो म्हणाला.

यंत्रानं चार पूर्णांक दोन दाखवलं.

"दोन हजार एकोणतीसच्या मे महिन्याचा आकडा काय होता?" त्यानं विचारलं.

"चार पूर्णांक एक." तिला पाठ होते.

"अन् तीसचा?"

"चार पूर्णांक एक."

"अन् चौतीसचा?"

यंत्राची वायर तिनं गुंडाळायला घेतली, अर्धी गुंडाळली आणि सोडून दिली.

"दर वर्षी?"

"पहिलं सोडून. त्या वर्षी खरं लिहिलं, तं नोटीस भेटली. माल मागतला, तं माल..."

"कारण नका सांगू." ती त्याच्याकडे वळली. "कारण मला तेव्हा माहीत असतं, तर मी मशीनला तेही शिकवलं असतं. बाबा, बाकीच्यांच्या रजिस्टरांत खाडाखोड असायची. आकडे पुसलेले, शाई सांडलेली. मी सगळ्यांना सांगायची, माझ्या बाबांचं रजिस्टर बघा, एक रेघ चुकलेली नाही. दुसऱ्या उपकेंद्रांचे आकडे तुमच्याशी जुळले, म्हणून मी ते खरे धरले!"

"जुळनारच ना. सगळेच..."

"एकशे चौऱ्याण्णव उपकेंद्रं आहेत काळ्या मातीत! गेल्या मे महिन्यात एका ठिकाणी कुंपणाजवळ बैल मेला. धरित्री म्हणाली, अर्थिंग उत्तम, उष्माघात असेल. मी ते वाचून सही केली." ती उभी राहिली. "बैल होता, बाबा. बैलाऐवजी कुणी असतं तर?"

भास्करला वाटलं होतं, आपण शाईनं कागदावर खोटं लिहिलं, कागदाला काय कळतं. पण हा कागद कुणीतरी वाचला होता, मन लावून, विश्वासानं, आणि वाचणारी त्याचीच होती.

गाडीशी जाऊन ती वळली. "मी सात वर्षांची असताना मीपण तांब्यानं पाणी घातलंय या खड्ड्यात. तुम्हीच दिला होता तांब्या हातात. मला वाटायचं, खाली झाड लावलंय." आणि ती गेली. डबा लिंबाखाली तसाच राहिला.

चार वाजता खैरडोहपुढचा हिरवा ठिपका लाल झाला. साडेचारला शेजारची तीन उपकेंद्रं लाल झाली, आणि सहापर्यंत एकशे चौऱ्याण्णवच्या एकशे चौऱ्याण्णव. पडद्यावर एक ओळ आली: 'तायडे परिणाम मागे घेण्यात येत आहे. मूळ नोंदी सदोष. जबाबदारी: विभागप्रमुख.' बापाचं नाव त्यात नव्हतं. भास्करनं ती ओळ चारदा वाचली, आणि चौथ्यांदा त्याचे डोळे भरून आले.

पुंडकरांचा फोन आला. "काय करून ठेवलंत तायडे! बॅटरीघराची जोडणी रद्द. मुख्य अभियंता मला विचारताहेत, मी काय सांगू?"

"सांगा, मानवी त्रुटी," भास्कर म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. ही एवढी एकच गोष्ट त्या आठवड्यात त्याला जरा बरी वाटली.

लाल ठिपका पाहिल्यावर ग्रामपंचायतीला कारण सापडलं. शुक्रवारचा बाजार शाळेच्या मैदानावर हलवला. तिथं ना सावली, ना नेहमीचं गिऱ्हाईक. दुपारी कासाबाई तराजू खांद्यावर टाकून उपकेंद्राच्या फाटकाशी आली.

"तुमच्यापायी माह्या मिरच्या वाळल्या! वीस वर्सं बसलो तथी, काई झालं का मले? जराशा झिणझिण्या सांगतल्या, तं जागाच खाल्ली मेल्याईनं!"

"मावशी, जीव गेला असता तुमचा."

"गेला असता! गेला तं नाई ना?"

त्या शुक्रवारी खरोखरच काही झालं नाही. ना फॉल्ट, ना आवाज, ना ठिणगी. एखादं माकड तरी कुठे तारांवर फिरकावं, तर तेही नाही. जो अपघात टळला त्याचा पुरावा कुणाला दाखवणार? संध्याकाळी मात्र एक लखोटा आला. 'कारणे दाखवा.' पहिल्या नोटिशीत आणि या नोटिशीत फक्त तारीख बदलली होती. तेव्हा खरं लिहिलं म्हणून आली होती, आता खरं सांगितलं म्हणून. मधली सत्तावीस वर्षं खोटं लिहिलं, तेव्हा एकही आली नव्हती.

शनिवारी सकाळी संघमित्रा पुन्हा आली. बरोबर फेरतपासणीचा लेखी आदेश होता आणि बांधणीचं कोरं रजिस्टर. आदेशात होतं, की धरित्रीला पुन्हा शिकवायचं, पण आता मोजलेल्या आकड्यांवर, आणि प्रत्येक आकडा दोघांच्या सहीनं. विभागप्रमुख म्हणून तिचं नाव आदेशात नव्हतं, साक्षीदार म्हणून होतं. तिनं ते सांगितलं नाही. भास्करनं वाचलं.

दिवसभर ती दोघं काम करत होती, करुणानं आजही दिलेला डबा लिंबाखाली तसाच होता. आकड्यांपलीकडे ती बोलली नाही. "धरा." "सोडा." "अठ्ठावीस." "तेहेतीस." दुपारी कोपऱ्यात खणून पाहिलं, तेव्हा कासाबाईच्या खांबाकडे जाणारी पट्टी सापडली. बोटानं दाबली तशी ती पापडासारखी मोडली. संघमित्रानं तो तुकडा हातात घेतला, त्यावरचा पांढरा थर नखानं खरवडला आणि पिशवीत टाकून वर क्रमांक लिहिला. भास्करला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल. तिनं पुढच्या खड्ड्याची वायर उचलली.

उन्हं उतरली तेव्हा शेवटचा खड्डा झाला. भास्करनं रजिस्टर गुडघ्यावर घेतलं आणि सगळे आकडे लिहिले. सुवाच्य, एक रेघ न चुकता, त्याला दुसरं येतच नव्हतं. शेवटी शेऱ्याचा रकाना होता. आयुष्यभर त्या रकान्यात त्यानं 'समाधानकारक' लिहिलं होतं. आज लिहिलं, 'पाणी टाकलेले नाही.' सही केली आणि रजिस्टर लेकीकडे सरकवलं.

तिनं शेरा वाचला. मग पेन घेऊन सही केली. सहीखाली पूर्ण नाव लिहायची जागा होती. कंपनीच्या कागदांवर ती नेहमी नुसतं 'एस. तायडे' लिहायची, हे भास्करनं गेल्या चार वर्षांत शंभरदा पाहिलं होतं. तिनं 'संघमित्रा' लिहिलं, आणि पेन तिथंच थांबला. भास्करनं नजर वळवून कुंपणाकडे लावली. खांबावरची पाटी आता तराजूशिवाय नीट वाचता येत होती.

पेनचा आवाज पुन्हा आला. रजिस्टर त्याच्याकडे परत आलं, तेव्हा शाई अजून ओली होती. तिनं मधलं नावही लिहिलं होतं, पूर्ण, काना-मात्रेसकट.

"डब्यात काय आहे आज?" तिनं त्याच्याकडे न बघता विचारलं.